अधिकचं चिन्ह

सागान-ओवो गावाच्या सरकारी इस्पितळामागे, कोळशाच्या ढिगाशेजारी, एक मेंढी बांधलेली असायची. नवा माणूस आला की विचारायचाच, ही कुणाची? पहारेकरी तोंडातली सिगारेट न काढता सांगायचा, "ही इथली नोकर आहे. पगार गवतात घेते."

मेंढी लॅबची होती आणि लॅब म्हणजे नोर्जमा. दर पंधरवड्याला नोर्जमा मेंढीच्या मानेतल्या शिरेतून वाटीभर रक्त काढायची आणि काचेचे मणी घातलेल्या चंबूत ते हलवत बसायची. गोठणारं सगळं मण्यांना चिकटायचं, खाली पातळ लालभडक रक्त उरायचं. ते उकळून निववलेल्या खळीत मिसळून ती काचेच्या तबकड्यांत ओतायची. त्या लाल तबकड्यांवर रोग्यांच्या अंगातले जंतू वाढवायचे, ते कोणते ते ओळखायचं, कुठल्या औषधानं मरतात ते डॉक्टरांना कळवायचं, हे तिचं काम. तरुणपणी इर्कुत्स्कला जाऊन ती हे शिकून आली होती आणि आल्यापासून सव्वीस वर्षं त्याच दोन खोल्यांत होती. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "मेंढी आहे की."

गावात तिला बेडकाताई म्हणत. क्षयाच्या तपासणीसाठी लोक डबीत थुंकून आणत आणि ती डबी उजेडाकडे धरून परत करायची. "ही थुंकी झाली. मला बेडका हवा. सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, छातीच्या तळातून खाकरून काढलेला. थुंकीत काय सापडणार? तुझ्या रात्रीच्या जेवणातलं मटण." म्हातारे हसत, बायका लाजत, काही चिडून निघून जात.

तिची तक्रार तबकड्यांबद्दल कधीच नसे. तिची तक्रार असे ती तबकडीपर्यंत काय येतं त्याबद्दल. दूरच्या तालुक्यांतून नमुने जीपमधून यायचे. हिवाळ्यात वाटेतच गोठून काचेचे खडे व्हायचे. कुणी लघवी मुरंब्याच्या बरणीत पाठवायचं, तळाशी मुरंबा तसाच. कुणी आधी चार दिवस औषधाची इंजेक्शनं द्यायचं आणि उतार पडेना म्हटल्यावर मग रक्त पाठवायचं. अशा रक्तातून काही वाढत नाही. मग कागदावर 'वाढ नाही' असं लिहायचं आणि तिकडचा डॉक्टर वाचणार, जंतू नाही.

"वाढ नाही म्हणजे जंतू नाही असं नव्हे हो," ती डॉक्टर मुंखझुलला सांगायची. "तुम्ही कुत्र्याला विष घालता आणि मग मला विचारता, भुंकण्याचा आवाज येतो का?"

मुंखझुल तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. हुशार मुलगी, पण चाळीस खाटांना दोनच डॉक्टर, त्यांतली ती एक. "ताई, मला एवढं कुठं वाचायला वेळ आहे? हो की नाही, एवढं सांगा."

त्या वर्षी वरून नवे छापील कागदही आले होते. प्रत्येक तपासणीपुढे दोन चौकोन, एक अधिकचा, एक उण्याचा. खाली लिहायला जागा नाही. नोर्जमा समासात बारीक अक्षरात आपलं म्हणणं लिहायची आणि नोंदणीच्या खिडकीत बसणारी मुलगी संगणकात फक्त चौकोन उतरवून घ्यायची.

ऑक्टोबरमध्ये, पहिला बर्फ पडून वितळल्यावर, नोर्जमाची धाकटी बहीण यान्जमा तिच्याकडे आली. सोबत नवरा, सोद्नोम. त्यांचा तंबू डोंगरापलीकडे दीडशे किलोमीटरवर. सातशे मेंढ्या-बकऱ्या, तीसेक याक. यान्जमा अडतीस वर्षांची, अंगानं दणकट, पाठीवर ओलं कोकरू टाकून टेकडी चढणारी बाई. ती जीपमधून उतरली तेव्हा दाराला धरून थोडा वेळ उभी राहिली, आणि नोर्जमाला ते आवडलं नाही.

"काय ग, म्हातारी झालीस का?"

"कंबर धरलीय ताई. आणि संध्याकाळी अंग गरम होतं. काही नाही, दूध काढताना वाकून वाकून झालं असेल."

"दूध काढून ताप येतो होय?"

सोद्नोम मध्येच म्हणाला, "रात्री उठून कपडे बदलते. घामानं भिजते. आणि खात नाही. परवा मी मांडीचं हाड दिलं तिला, तर तिनं कुत्र्याला घातलं." हे त्याला सगळ्यात जास्त लागलेलं दिसत होतं.

चहा पिताना यान्जमा दोनदा खोकली. कोरडा, बारीक खोकला. तिनं तो बाहीत दाबला.

संध्याकाळचा ताप, घाम, कंबर, अंगावरचं मांस उतरलेलं. त्या मुलखात ही लक्षणं दिसली की लोक पहिलं नाव घेतात ब्रुसेलाचं. कोकरं जन्मवताना, गाभडलेली मेंढी सोडवताना हा ताप जनावरातून माणसात येतो. घरटी एखाद्याला तो होऊन गेलेलाच असतो. पण तीच लक्षणं क्षयाचीही असतात. क्षय हाडात, पाठीच्या मणक्यात जाऊन बसला तर दोन्ही जुळ्या भावंडांसारखे दिसतात.

दुसऱ्या दिवशी नोर्जमानं स्वतः बहिणीचं रक्त घेतलं. ब्रुसेलाची तपासणी सोपी. रक्ताच्या पाण्यात गुलाबी थेंब मिसळायचा, कण धरले की अधिक. कण धरले. मग तिनं ते पाणी पातळ करत नेलं. पन्नासपट, शंभरपट. शंभरपटीलाही धरलं, दोनशेला सुटलं.

नळ्यांची रांग तिनं पुन्हा एकदा तपासली. कारण एक गोष्ट तिला ठाऊक होती आणि ती इस्पितळात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. यान्जमाला एकोणिसाव्या वर्षी ब्रुसेला झाला होता. तेव्हाही तपासणी नोर्जमानंच केली होती, याच टेबलावर. ताप बरा झाला तरी रक्तात त्या झुंजीच्या खुणा वर्षानुवर्षं राहतात. तपासणी त्या खुणा बघते. झुंज आज चालू आहे की वीस वर्षांपूर्वी संपली, ते ती सांगत नाही.

बेडकाही तिनं मागितला. यान्जमा तीन सकाळी डबी घेऊन इस्पितळाच्या आवारात कोपऱ्यात उभी राहिली. लोक येत-जात होते. खाकरायची तिला लाज वाटली. तीनही डब्यांत थुंकीच होती. नोर्जमानं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गालाच्या आतल्या कातडीच्या मोठ्या चपट्या पेशी सांडलेल्या, छातीतलं काहीच नाही.

"यान्जमा, हे चालणार नाही. पुन्हा दे."

"निघत नाही ग काही. किती ओरबाडू घसा?"

"आजची रात्र आणखी थांब. वाफ देते तुला. सकाळी काढू."

"सोद्नोम थांबायचा नाही. गवत उघड्यावर पडलंय. बर्फ आला तर संपलंच."

नोर्जमा मुंखझुलकडे गेली. डॉक्टर तपासणीच्या खोलीत उभ्या उभ्याच पाव खात होती.

"अधिक आहे ना?" तिनं विचारलं.

"अधिक आहे. पण हे जुनं असेल. तिला पूर्वी होऊन गेलाय. तीन आठवड्यांनी परत रक्त घेऊ. आकडा चौपट चढला तर नवा. तिथंच राहिला तर जुना, आणि मग हा ताप दुसऱ्याच कशाचा."

"आणि बेडका?"

"उणे. पण तो बेडका नाही, थुंकी आहे. त्या उण्याला काही अर्थ नाही. पाठीचा फोटो काढता येईल?"

"फिल्म संपल्यात. पुढच्या महिन्यात येतील म्हणे." मुंखझुलनं पाव कागदात गुंडाळून ठेवला. "ताई, मला सांगा. तीन आठवडे हिला तशीच ठेवू? बिनऔषधाची? ही परत जाणार डोंगरापलीकडे. घाट बंद झाला तर एप्रिलपर्यंत दिसायची नाही. आणि खरंच ब्रुसेला असला तर? मणक्यात गेला तर? उद्या तुम्हीच म्हणाल, अधिक आलेलं असताना गोळ्या का दिल्या नाहीत."

डॉक्टरचं म्हणणं चूक नव्हतं.

"पण त्या औषधांत लाल कॅप्सूल आहे," ती म्हणाली. "ती क्षयावरही चालते. क्षय असला तर एकट्या तिनं तो मरायचा नाही, नुसता दबेल. आणि दबून दबून शहाणा होईल. क्षयाला तीन-चार औषधं एकदम द्यावी लागतात ती त्यासाठीच."

"असला तर. ताई, तुम्हाला काय वाटतं? बहीण तुमची आहे. क्षय वाटतो?"

हा प्रश्न नोर्जमाच्या पुढे कितीतरी वर्षं उभा राहणार होता. त्या क्षणी तिच्या मनात जे आलं ते असं, की ब्रुसेला असावा. ब्रुसेला म्हणजे सहा आठवडे गोळ्या. क्षय म्हणजे महिनोन्‌महिने इस्पितळ, बहीण तंबूपासून दूर, शेजारपाजारचे तिच्या वाटीतून चहा घ्यायचे बंद. तपासणीत अधिक आलेलं पाहून तिला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं होतं. सव्वीस वर्षं ती इतरांना सांगत आली की हवं ते उत्तर मिळालं की माणूस पुढे विचारत नाही. आणि आता तीच पुढे विचारायची थांबली.

"ब्रुसेलाच असेल," ती म्हणाली.

तिनं अधिकच्या चौकोनात खूण केली. समासात लिहिलं, 'जुनं असू शकतं, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त'. बेडक्याच्या उण्याच्या चौकोनात खूण केली आणि लिहिलं, 'नमुना निकामी'. खिडकीतल्या मुलीनं चौकोन उतरवून घेतले.

जाताना यान्जमानं गोळ्यांची पिशवी छातीशी धरली होती. "लघवी लाल होईल," नोर्जमानं बजावलं, "घाबरू नकोस. आणि घाट उघडा असला तर तीन आठवड्यांनी यायचं. नुसतं रक्त देऊन जा."

"येईन. तुझ्या मेंढीचं घेतेस तसं माझंही घे."

सोद्नोमनं जीप सुरू केली. नोर्जमानं बहिणीचे दोन्ही गाल हुंगले, लहानपणी हुंगायची तसे. गाल गरम होते.

घाट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंद झाला.

डिसेंबरमध्ये सोद्नोम घोड्यावरून टेकडीच्या माथ्यावर, फोनला जिथं रेघ मिळते तिथं, चढला आणि त्यानं फोन केला. वारा इतका की अर्धं बोलणं उडून जात होतं. "ताई, ती बरी आहे! ताप गेला! कंबरही सैल झालीय! काल स्वतः शेणाचं सरपण आणलं!"

"गोळ्या संपल्या?"

"पुढच्या आठवड्यात संपतील!"

नोर्जमानं फोन ठेवला आणि सगळ्यांना चहा पाजला. मुंखझुल तिला म्हणाली, "बघा ताई, उगाच घाबरवत होतात." नोर्जमाही हसली. पण घरी गेल्यावर तिला झोप लागेना. लाल कॅप्सूलनं ताप ब्रुसेलाचाही उतरतो आणि क्षयाचाही, थोडे दिवस. उतरला यावरून काहीच कळत नव्हतं. रक्त पुन्हा मिळालं असतं तर कळलं असतं, आणि मध्ये दीडशे किलोमीटर बर्फ होता.

जानेवारीत फोन आला नाही. फेब्रुवारीत आला नाही. मार्चच्या शेवटी जीप आली तेव्हा मागची सीट काढून टाकलेली होती आणि यान्जमा लोकरी फेल्टच्या गादीवर आडवी होती. तिला उठून बसता येत नव्हतं. डावा पाय थंड लाकडासारखा झाला होता. पाठीच्या मध्यावर, कातडीखाली, एक मणका बाहेर आला होता.

पहारेकऱ्यानं टोपी काढून हातात घेतली.

आता फिल्म होत्या. फोटोत दोन मणके वितळल्यासारखे एकमेकांत बसले होते. मुंखझुलनं फोटो खिडकीवर धरला. नोर्जमानं त्याच दिवशी रक्त पुन्हा पाहिलं. शंभरपट. ऑक्टोबरात होतं तितकंच, तसूभर वर नाही, खाली नाही. आकडा वीस वर्षं तिथंच बसलेला होता आणि कुणाच्याही आजच्या दुखण्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं.

बहिणीला विमानानं राजधानीत नेलं. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात पाठ उघडून मणक्यातला तुकडा काढायचा ठरला. नोर्जमाला रजा मिळाली नाही, लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तिनं शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी चार वेळा फोन लावला, शेवटी एक परिचारिका सापडली.

"तुकड्याचे दोन भाग करा म्हणावं. एक फॉर्मालिनमध्ये, ठीक आहे, तो नुसता बघायला. पण दुसरा साध्या मिठाच्या पाण्यात, निर्जंतुक बाटलीत. तो वाढवायला लागेल. लिहून घेता का?"

"घेतलं लिहून, ताई."

"फॉर्मालिनमध्ये जंतू मरतो. मेलेला वाढत नाही."

"कळलं हो, घेतलं."

नोर्जमानं मग फोनवर सोद्नोमलाही समजावलं. सोद्नोम राजधानीतल्या इस्पितळाच्या लांब पांढऱ्या पडवीत टोपी हातात घेऊन उभा होता, आणि मेंढीबद्दल सांगितलं असतं तर त्याला हजार गोष्टी लक्षात राहिल्या असत्या.

परिचारिकेची पाळी संध्याकाळी संपली. दुसऱ्या दिवशी दुसरी होती. शल्यवैद्यानं तुकडा काढला, समोर एकच बरणी भरून ठेवलेली होती, त्यानं सगळा तिच्यात टाकला.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. पेशींची ठेवण पाहता क्षय. नोर्जमानं फोन केला.

"वाढवायला काय दिलं?"

पलीकडचा तरुण डॉक्टर सभ्य होता. "निदान झालंय की आपलं. क्षय आहे."

"क्षय कळला हो. पण कुठलं औषध त्याला मारतं ते? तिनं सहा आठवडे लाल कॅप्सूल खाल्लीय. जंतू त्या कॅप्सूलला भीक घालतो की नाही ते बघायला हवं."

"ताई, नमुना फॉर्मालिनमध्ये आहे."

"सगळा?"

"सगळा."

तिनं फोन तसाच टेबलावर ठेवला. तो बिचारा "हॅलो, हॅलो" करत राहिला.

नेहमीची औषधं सुरू झाली. त्यांत लाल कॅप्सूल होतीच, पहिल्या नंबरावर. यान्जमाला मेमध्ये सागान-ओवोला परत आणलं, क्षयाच्या वॉर्डात. नोर्जमा रोज दुपारी सूप घेऊन जायची. बहीण दोन घोट घ्यायची, "छान झालंय" म्हणायची आणि वाटी तिच्या हातात परत द्यायची. जून गेला, जुलै गेला. खिडकीतून समोरच्या माळावर घोड्यांच्या शर्यतींची धूळ दिसायची. ताप रोज संध्याकाळी यायचा, घड्याळ लावावं तसा.

"औषधं लागू पडत नाहीत," नोर्जमा म्हणायची.

"वेळ लागतो, ताई," मुंखझुल म्हणायची. "हाडातला क्षय हळूच हलतो. आणि बदलू कशाच्या आधारावर? दुसरी औषधं राजधानीतून येतात आणि त्यांना कागद लागतो. औषधाला दाद न देणारा जंतू आहे, असा कागद. तो कागद तुमच्यासारख्या लॅबनंच द्यायचा ना?"

"द्यायला मला काहीतरी हातात हवं."

"मग?"

"मग काय. वाट बघायची, अंगातून बाहेर येईपर्यंत."

आणि अशी वाट नोर्जमानं खरोखर पाहिली. वाईट व्हावं म्हणून वाट पाहिली म्हणायला हरकत नाही. ऑगस्टमध्ये यान्जमाच्या जांघेत एक मऊ गाठ आली. मणक्यातला पू स्नायूंच्या वाटेनं खाली उतरला होता. बहिणीनं ती लाजत दाखवली, आणि ती पाहून नोर्जमाच्या तोंडून निघालं, "बरं झालं!"

यान्जमा तिच्याकडे बघतच राहिली. "काय बरं झालं?"

"काही नाही. हलू नकोस."

पू तिनं स्वतः, मुंखझुल शेजारी उभी असताना, सुईनं काढला. निर्जंतुक नळीत, दुसरं काही न घालता. नळी कापसात, कापूस डब्यात, डबा कोटाच्या आतल्या खिशात. या वेळी तिनं रजा मागितली नाही. मेंढीला पहारेकऱ्याच्या हवाली केलं, लॅबला कुलूप घातलं आणि दोन दिवस बसमध्ये बसून राजधानीतल्या प्रयोगशाळेत तिनं तो डबा आपल्या हातानं टेबलावर ठेवला. कागदावर चौकोन होतेच. तिनं पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर सगळी कथा लिहिली. कधी ताप आला, काय औषध दिलं, किती दिवस, काय शोधायचं आहे.

तिथली बाई तिच्याच वयाची होती. तिनं सगळं वाचलं आणि चष्मा काढला. "एवढं कुणी लिहून देत नाही," ती म्हणाली. "दहा आठवडे लागतील."

दहा आठवडे. क्षयाचा जंतू आळशी. त्याला घाई नसते.

नोव्हेंबरमध्ये उत्तर आलं. जंतू वाढला होता, भरघोस. लाल कॅप्सूल घातलेल्या नळीतही तो तितकाच मजेत वाढला होता. दुसऱ्या एका मुख्य औषधालाही जुमानत नव्हता.

मग दुसरी औषधं आली. आठ महिने रोज एक इंजेक्शन, आणि दोन वर्षं मूठभर गोळ्या. चौथ्या महिन्यात यान्जमा म्हणाली, "ताई, या खोलीत रातकिडा आहे का? सारखा किरकिरतो." खोलीत रातकिडा नव्हता, बाहेर उणे तीस होतं. नोर्जमाला कळलं आणि मुंखझुललाही. त्या इंजेक्शनानं कान जातात. ते थांबवलं तर जीव जाईल, चालू ठेवलं तर कान जातील. मुंखझुलनं हे यान्जमाला नीट बसवून सांगितलं, कारण तोवर तिला ऐकू येत होतं.

यान्जमा म्हणाली, "मेंढ्या काही फारसं बोलत नाहीत. चालू ठेवा."

तिला शेवटचं स्पष्ट ऐकू आलं ते त्या वसंतात कधीतरी. नेमकं कधी, ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

ती जगली. पाठ वाकलेली राहिली, डावा पाय ओढत चालायला शिकली. तंबूत परतणं जमलं नाही. सरपण उचलायचं, बर्फ फोडायचा, वाकून दूध काढायचं, यांतलं एकही तिच्यानं होईना. ती नोर्जमाच्या घरी राहू लागली. सोद्नोम महिन्यातून एकदा येई, मटण आणि सुकं दही आणून ठेवी, बायकोजवळ बसून राही. आधी ओरडून बोलायचा, मग त्यानं बोलणं सोडून दिलं. दोघं एकमेकांचे हात धरून खिडकीतून बघत बसत.

गोळ्यांची दोन वर्षं संपली त्या आठवड्यात मुंखझुल लॅबमध्ये आली. तिची राजधानीला बदली झाली होती, निरोप घ्यायला आली होती. स्टुलावर बसली.

"ताई, एक विचारायचं होतं. तो जंतू आधीपासूनच तसा होता का? की आपण केला त्याला तसा? मी त्या कॅप्सूल दिल्या म्हणून?"

नोर्जमा तबकड्या ओतत होती. हातातली ओतून झाल्यावर तिनं चंबू खाली ठेवला.

"ऑक्टोबरातला बेडका असता तर सांगता आलं असतं."

"नाहीये ना."

"थुंकी होती. तीही टाकून दिली मी."

"म्हणजे कधीच कळणार नाही?"

"कशावरून कळणार? तसेच जंतू कुणाकुणाला मुळातच लागतात. आणि कुणाचे औषधानं होतात. आता दोन्ही सारखेच दिसतात."

मुंखझुल रडली. नोर्जमाला तिला सांगता आलं असतं की चूक तुझी नव्हे, आणि हेही सांगता आलं असतं की थोडी आहे. तिनं चहा केला. आपण त्या दिवशी 'ब्रुसेलाच असेल' का म्हणालो, ते तिनं मुंखझुलला सांगितलं नाही. ते ती कुणालाच सांगू शकली नव्हती.

शेवटी तिनं ते बहिणीला सांगितलं, एका रविवारी दुपारी, जेवणानंतर. यान्जमा ओठांवरून बोलणं ओळखायला शिकली होती, पण लांबलचक वाक्यं तिला पकडता यायची नाहीत. म्हणून नोर्जमा सावकाश, तुकड्यातुकड्यानं बोलली. तपासणी खोटी नव्हती. अधिक होतं ते खरंच अधिक होतं. पण ते जुन्या तापाचं होतं. तसं असू शकतं, हे मला माहीत होतं. मला तोच ताप हवा होता, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

यान्जमा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. कपाळाला आठी पडली.

"थांब," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नसे, त्यामुळे ती फार मोठ्यानं बोलायची. "तपासणी खरी होती?"

नोर्जमानं मान हलवली, हो.

"मग चूक काय झाली?"

नोर्जमानं पुन्हा सांगायला तोंड उघडलं. काय सांगायचं ते सगळं तिला पाठ होतं, इतकी वर्षं ती ते इतरांना सांगत होती. पण बहिणीचे डोळे तिच्या ओठांवर खिळलेले होते आणि तिचे ओठ थरथरायला लागले. थरथरत्या ओठांवरचं यान्जमाला काही वाचता येईना.

"सावकाश बोल ना ग," यान्जमा ओरडली. "कळत नाही मला."